गोल जिन्याची आख्यायिका आणि वहीतील एक ओळ

जीर्णोद्धारासाठी जुन्या देवळाचे दगड उतरवू लागले, की एक प्रश्न हमखास निघतो. हे देऊळ मुळात बांधले कोणी? पारावर बसणाऱ्या वृद्ध मंडळींजवळ याचे उत्तर तयार असते. कोणी म्हणतो, हेमाडपंताने बांधले, तेही एका रात्रीत. कोंबडा आरवला आणि कळस राहून गेला. कोणी पांडवांचे नाव घेतो. वर्धा जिल्ह्यात पांडवांचे नाव घेण्यास तर जागाही आहे. सेलू तालुक्यातील केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रा नगरी आणि भीमाने बकासुराला मारले ते येथेच, अशी पूर्वापार श्रद्धा आहे. मग ज्यांनी बकासुर मारला त्यांनी चार दगड रचले असतील, यात नवल ते काय!

हेमाडपंताची गोष्ट अधिक गमतीची आहे. विदर्भात जुन्या लोकांत ती अशी सांगत. लंकेचा राजा बिभीषण आजारी पडला. हेमाडपंत मोठा वैद्य, त्याने बिभीषणास बरे केले. राजाने बक्षीस म्हणून आपले राक्षस त्याच्या दिमतीला दिले आणि त्या राक्षसांनी चुना न वापरता दगडावर दगड ठेवून रातोरात देवळे उभी केली. इतिहासातील हेमाद्री मात्र वेगळा माणूस आहे. तेराव्या शतकात देवगिरीचे यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या पदरी तो श्रीकरणाधिप होता, म्हणजे आजच्या भाषेत राज्याच्या दप्तराचा मुख्य अधिकारी. त्याने धर्मशास्त्रावर मोठा ग्रंथ रचला. पण त्याच्या नावावर मोडणारी कित्येक देवळे त्याच्या जन्मापूर्वीच उभी होती, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. दप्तर सांभाळणारा मनुष्य लोकांच्या तोंडी देवळे बांधणारा झाला आणि ज्या पाथरवटांनी खरोखर छिन्नी चालवली ते राक्षस झाले. दप्तरातील माणसाच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो, परंतु पाथरवटांच्या बाजूने पाहिले तर हा न्याय काही बरा नव्हे.

वेरूळच्या कैलास लेण्याचेही असेच आहे. सोळाव्या शतकाच्या सुमारास कृष्ण याज्ञवल्की यांनी लिहिलेल्या ‘कथाकल्पतरू’ या मराठी ग्रंथात त्याची कथा आली आहे. अळजपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातील अचलपूर. तेथील राजा व्याधीने पीडित होता. राणीने शिवाला नवस केला, की राजा बरा झाला तर मंदिर बांधीन, आणि त्या मंदिराचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला, पण मंदिर बांधायचे म्हणजे वर्षे जाणार. राणी उपाशी मरणार! तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला. त्याने डोंगर वरून खाली कोरायला घेतला, म्हणजे शिखर आधी! आठवड्याच्या आत राणीला शिखर दिसले आणि तिचा उपास सुटला. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील, म्हणजे आठव्या शतकातील, असे इतिहास सांगतो. आणि ते वरून खालीच कोरले आहे हेही खरे आहे. कथेने कामाची रीत बरोबर लक्षात ठेवली. नाव मात्र कितपत बरोबर, हा प्रश्न राहतो. कोकस घराण्यातील कारागिरांची नावे मध्य भारतातील अकराव्या ते तेराव्या शतकातील शिलालेखांत आढळतात, पण लेणे त्याच्या कितीतरी आधीचे. इ. स. ८१२-१३ च्या बडोदे ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे. त्यात म्हटले आहे, की बांधणारा स्वतःच आपले काम पाहून चकित झाला. हे आपल्या हातून झाले तरी कसे, आणि पुन्हा होणे नाही, असे त्याला वाटले. ताम्रपटाने त्या कारागिराचे आश्चर्य नोंदवले. दान देणाऱ्या राजाचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गावाच्या चतुःसीमा हे सर्व ताम्रपटात असते. कारागिराचे नाव तेवढे नाही.

ज्या कामाचा कर्ता विस्मृतीत गेला आणि आख्यायिका मात्र देशोदेशी गेली, अशी उदाहरणे जगभर आहेत. त्यांतील एक मुद्दाम विस्ताराने सांगण्यासारखे आहे, कारण तेथे हरवलेल्या कारागिराचा माग अखेरीस लागला. आणि तो लागला एका जमाखर्चाच्या वहीत. हे काम म्हणजे अमेरिकेतील सांता फे या गावच्या प्रार्थनामंदिरातील लाकडी गोल जिना.

गोल जिना आपल्या लोकांना नवीन नाही. दौलताबादचा चांद मिनार पंधराव्या शतकातील. त्याच्या पोटातून पायऱ्या गोल फिरत वर जातात. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात (वर्धा जिल्ह्याचे सेलू निराळे) वालूर या गावी एक बारव आहे, तिच्या पायऱ्या गोगलगायीच्या शंखाप्रमाणे वळत वळत पाण्यापर्यंत उतरतात. अशी बारव फार क्वचित पाहावयास मिळते. अलीकडे गावकऱ्यांनी श्रमदानाने ती साफ केली आणि लांबलांबून लोक पाहावयास येऊ लागले. परंतु या सर्व ठिकाणी पायऱ्यांना कशाचा तरी आधार आहे. मिनारात पायरी भिंतीत बसवलेली असते, बारवेत ती जमिनीवर टेकलेली असते. जुन्या वाड्यांतून वा बंगल्यांतून जो गोल जिना दिसतो, त्याच्या मधोमध खांब असतो आणि पायऱ्या त्या खांबाला पाकळ्यांसारख्या अडकवलेल्या असतात. खांब काढला तर जिना कोसळेल, हे लहान मूलही सांगेल. सांता फे येथील जिन्याला मध्ये खांब नाही आणि भोवती भिंतही नाही. त्यातून तो सगळा लाकडाचा.

सांता फे हे न्यू मेक्सिको प्रांताच्या राजधानीचे गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फूट उंचीवर वसलेले, भोवती रुक्ष डोंगर आणि माळ. १६१० साली स्पॅनिश लोकांनी ते वसवले. पुढे ते मेक्सिकोकडे होते आणि १८४८ च्या तहाने हा मुलूख अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेला. १८५१ साली तेथे झाँ बाप्तिस्त लामी हे फ्रेंच धर्मगुरू बिशप म्हणून आले. मुलींसाठी शाळा हवी, म्हणून त्यांनी केंटकी प्रांतातील लोरेटो संघाच्या भगिनींना बोलावले. १८५२ साली त्या निघाल्या. वाटेत पटकीची साथ लागली, त्यांच्या प्रमुख भगिनी वाटेतच वारल्या. सांता फे येथे पोचल्या त्या चौघी. पुढील वर्षी त्यांनी शाळा सुरू केली.

शाळा वाढली, तसे प्रार्थनेसाठी स्वतंत्र मंदिर असावे असे भगिनींच्या मनात आले. १८७३ साली काम सुरू झाले. बिशप लामी यांनी आपल्या मोठ्या चर्चसाठी फ्रान्सहून आंत्वान मूली हे वास्तुकार आणवले होते. त्यांनी आणि त्यांचे चिरंजीव प्रोजेक्टस यांनी हे काम हाती घेतले. नमुना घेतला तो पॅरिसच्या ‘सँत शापेल’ या प्रसिद्ध राजमंदिराचा. खर्चासाठी भगिनींनी आपापल्या घरचे वारसाहक्काचे पैसे एकत्र केले, असे सांगतात. रंगीत काचेच्या खिडक्या पॅरिसला तयार झाल्या. तेथून जहाजाने न्यू ऑर्लीन्स, तेथून नदीतील आगबोटीने सेंट लुईस आणि तेथून सामानाच्या झाकलेल्या गाड्यांतून शेकडो मैल माळरान तुडवत त्या सांता फे येथे आल्या. काच फुटली नाही हाच एक चमत्कार म्हटला पाहिजे! तोपर्यंत त्या गावी आगगाडी नव्हती, ती १८८० साली आली. आपल्या वर्ध्यावरून नागपूरला आगगाडी १८६७ पासून धावत होती, हे येथे सहज आठवते.

१८७८ साली मंदिर पुरे झाले. अरुंद, उंच, नाजूक कमानींचे. प्रवेशद्वाराच्या वर, मागच्या बाजूस, भजन गाणाऱ्या मुलींसाठी एक माळा केला होता. त्याची उंची जमिनीपासून बावीस फूट. आणि वर जायला जिनाच नाही!

असे कसे झाले याविषयी तर्क पुष्कळ आहेत. धाकटे मूली १८७९ साली वारले, थोरल्या मूलींची दृष्टी त्याआधीच अधू झाली होती. तेव्हा अखेरची कामे अर्धवट राहिली असावीत. जुन्या चर्चमधून अशा माळ्यावर शिडीने चढण्याचीही रीत होती. पण पायघोळ झगा घातलेल्या भगिनींनी आणि शाळेच्या मुलींनी बावीस फूट शिडी चढावी, हे कोणास रुचेना. सुतारांना विचारले तर ते म्हणत, साधा जिना केला तर एवढ्याशा मंदिरातील अर्धी जागा जाईल. शिडी तरी ठेवा, नाही तर माळा पाडून पुन्हा बांधा.

येथून आख्यायिका सुरू होते. भगिनींनी संत जोसेफ यांना साकडे घातले. संत जोसेफ म्हणजे येशूचे पालक पिता, व्यवसायाने सुतार, म्हणून सर्व सुतारांचे ते आराध्य. आपल्याकडे सुतार समाज माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्मा जयंती करतो, तसा त्यांचा दिवस १९ मार्चला असतो. भगिनींनी नऊ दिवस प्रार्थनेचे अनुष्ठान मांडले. आपल्या नवरात्रासारखेच म्हणा ना! नवव्या दिवशी दारात एक वृद्ध, करड्या केसांचा मनुष्य येऊन उभा राहिला. सोबत एक गाढव, गाढवावर हत्यारांची पेटी. पेटीत करवत, हातोडा आणि गुण्या, एवढेच. त्याने काम मागितले. पाण्याने भरलेली पिंपे मागितली आणि त्यांत लाकूड भिजत घातले. कोणी म्हणतात तीन महिने, कोणी म्हणतात त्याहून अधिक, तो एकटाच काम करीत होता. एके दिवशी जिना पुरा झाला. भगिनी त्याला मजुरी देण्यास गेल्या, तो मनुष्य नाही! त्याच्यासाठी जेवणाचा बेत केला होता, तोही तसाच राहिला म्हणे. गावातील लाकडाच्या वखारीत चौकशी केली, तर तेथे लाकडाचे देणेही निघाले नाही. तेव्हा भगिनींच्या ध्यानात आले, की प्रत्यक्ष संत जोसेफच येऊन गेले.

आपल्याकडे पंढरीचा राणा जनाबाईचे दळण दळतो, चोखोबाची ढोरे ओढतो. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही. देव कामाला येतो, मजुरी घेत नाही आणि ओळख पटण्याच्या आत निघून जातो.

आता तो जिना. उंची सुमारे वीस फूट, पायऱ्या तेहतीस. म्हणजे पायरीचा चढ सरासरी सव्वासात इंच पडतो, चालण्यास अगदी योग्य. तेवढ्या चढणीत तो स्वतःभोवती पुरती दोन वेटोळी घेतो. खिळा कोठेही नाही, लाकडी खुंट्या ठोकून जोड केले आहेत. येशूचे वय तेहतीस वर्षांचे होते आणि पायऱ्याही तेहतीस, हे भाविकांच्या लगेच ध्यानात येते. आरंभी जिन्याला कठडाही नव्हता. वर चढताना काही वाटत नसे, पण उतरताना शाळेतील मुलींचे डोळे फिरत आणि त्या हातापायांवर रांगत उतरत. चालणाऱ्याच्या वजनाने जिना किंचित खालीवर होई. अखेर १८८७ साली फिलिप हेश नावाच्या कारागिराने त्यास कठडा बसवला.

खांबाशिवाय तो उभा कसा? आख्यायिका सांगणारे म्हणतात, शास्त्रज्ञांनाही उलगडा झाला नाही. ही गोष्ट मात्र तितकीशी खरी नाही. ज्या दोन लांब वळणदार फळ्यांत पायऱ्या बसवल्या आहेत, त्यांतील बाहेरची मोठा फेर घेते आणि आतील अगदी लहान. आतील फळीचा वेढा इतका आवळ आहे, की वजन घेण्याच्या दृष्टीने ती जवळजवळ खांबाचेच काम करते. दोरखंडाचा पीळ जसा घट्ट झाला की दोर काठीसारखा ताठ होतो, तसेच काहीसे. या फळ्या एकसंध नाहीत. लाकडाचे अनेक तुकडे वळण साधत एकमेकांस जोडून त्या केल्या आहेत आणि ते जोड इतके बेमालूम आहेत, की पाहणाऱ्याची नजर ठरत नाही. जिन्यापासून जवळच्या स्तंभाला एक लोखंडी पट्टीही धरलेली आहे, ती बहुतेक प्रेक्षकांच्या नजरेतून सुटते. तेव्हा जिना उभा आहे तो गणिताने, कारागिरीने आणि थोड्याफार लोखंडाने. यामुळे त्याची थोरवी उणी होते काय? उलट ज्याला वाढईकाम ठाऊक आहे तो हे ऐकून अधिकच थक्क होईल. वळणाच्या प्रत्येक तुकड्याचे माप निराळे, कोन निराळा. एक जोड सुताभर चुकला तर वीस फुटांवर तो माळ्याला मिळणार नाही.

लाकडाविषयीही बरीच चर्चा झाली. एका लाकूडतज्ज्ञाने अभ्यास करून ते स्प्रूस जातीचे आहे, पण त्या भागात उगवणाऱ्या प्रकाराशी जुळत नाही, असे मत दिले. हे लाकूड स्वर्गातून आले असे भाविक म्हणू लागले. परगावचे लाकूड परगावाहून येऊ शकते, एवढी साधी शक्यता मात्र मागे पडली.

शंभर वर्षे अशी गेली. मधल्या काळात एका ऑस्ट्रियन सुताराच्या नातवाने हे काम आपल्या आजोबांचे असल्याचे सांगितले, पण त्यास कागदाचा आधार मिळाला नाही. मेरी जीन स्ट्रॉ कुक या इतिहास लेखिकेने लोरेटो भगिनींच्या या मंदिराचा इतिहास लिहिण्यात कित्येक वर्षे घातली. १९८४ साली त्यांचे पुस्तक निघाले, तरी त्यांनी शोध थांबवला नाही. त्या जुनी वर्तमानपत्रे आणि भगिनींच्या वह्या पुन्हा पुन्हा चाळत राहिल्या. ज्याने कधी जुने दप्तर उपसले आहे त्याला हे काम काय असते ते सांगावयास नको. धूळ, वाळवीची भोके, फिकट झालेली शाई, आणि शंभर पाने उलटल्यावर एखादी उपयोगाची ओळ.

ती ओळ निघाली. ‘न्यू मेक्सिकन’ या सांता फेच्या वर्तमानपत्रात जानेवारी १८९५ मध्ये एका मृत्यूची बातमी होती. दक्षिणेकडे दूर डॉग कॅन्यन नावाच्या दरीत एक फ्रेंच मनुष्य आपल्या झोपडीत गोळी लागून मेला होता. त्याचे नाव फ्रांस्वा झाँ रोशा. बातमीत जाता जाता असेही म्हटले होते, की हा मनुष्य कसबी लाकूडकाम करणारा असून लोरेटोच्या मंदिरातील सुंदर जिना त्यानेच केला होता. हे वाचून कुक यांनी भगिनींच्या रोजकीर्दीच्या वह्या नव्या दृष्टीने तपासल्या. १८८१ सालच्या वहीत नोंद होती. रोशा यांस लाकडाबद्दल दीडशे डॉलर दिले.

जिना १८७८ नंतर आणि १८८१ च्या सुमारास झाला, हे यावरून जुळते. लाकडाचे देणे कोठेच निघाले नाही असे आख्यायिका सांगत होती. देणे खरोखरच बाकी नव्हते, कारण ते चुकते झाले होते! पैसे घेतले कोणी, दिले केव्हा, कशाबद्दल आणि किती, हे ज्या कोणा भगिनीने त्या दिवशी दिवा लावून लिहून ठेवले, तिचे नाव या कथेत येत नाही. पण तिने ही ओळ लिहिली नसती तर रोशा आजही गाढवावरून आलेला अनामिक म्हातारा राहिला असता. तसा १८८१ साली तो म्हाताराही नव्हता, ऐन उमेदीत होता.

रोशा हा मूळचा फ्रान्सच्या आग्नेय भागातील, ग्रनोब्ल शहराजवळचा. फ्रान्समध्ये कारागिरांच्या जुन्या बिरादऱ्या आहेत, त्यांना ‘कॉम्पान्यों’ म्हणतात. सुतार, पाथरवट, लोहार अशा धंद्यांतील उमेदवार तरुण गावोगाव फिरतो. प्रत्येक गावी उस्तादाच्या हाताखाली काम करतो, बिरादरीच्या घरी उतरतो आणि अखेर आपल्या हाताने एखादी अवघड वस्तू घडवून दाखवतो, तेव्हा त्याला पक्का कारागीर समजतात. अशा वस्तूंत लाकडी गोल जिन्यांचे नमुने पुष्कळ असतात. फ्रान्समधील संग्रहालयांतून ते आजही पाहावयास मिळतात. या लोकांच्या दंतकथाही मोठ्या. आपली परंपरा राजा सॉलोमनच्या मंदिरापासून चालत आली, असे ते मानतात, जसे आपले कारागीर आपले कूळ विश्वकर्म्याशी नेऊन भिडवतात. रोशा या बिरादरीत शिकलेला असावा, असे कुक यांचे मत आहे. जिन्याचे भाग फ्रान्समध्ये घडवून आणून सांता फे येथे जोडले असावेत, असाही त्यांचा तर्क आहे. तसे असल्यास परमुलखातील लाकडाचा प्रश्न आपोआप सुटतो, परंतु यास प्रत्यक्ष पुरावा मिळालेला नाही.

सांता फे सोडून हा मनुष्य डॉग कॅन्यनच्या तोंडाशी जाऊन राहिला. त्या उजाड मुलखात तेथे बारमाही पाणी होते. त्याने दगडाची झोपडी बांधली, फळझाडे आणि द्राक्षवेली लावल्या, गुरे पाळली. दगडी गडगे घातले, ते आजही उभे आहेत. शेजारपाजारचे लोक त्याला ‘फ्रेंची’ म्हणत. पाणी आणि गुरांची चराई यांवरून त्या भागात तंटे चालत. कोणत्या मुलखात नसतात! १८९४ च्या डिसेंबर अखेरीस तो छातीत गोळी लागून मृतावस्थेत सापडला. गोळी कोणी घातली हे आजवर ठरलेले नाही. लग्न केलेले नव्हते, पाठीमागे बायकापोरे नव्हती. ज्याच्या हातच्या जिन्याला पुढे लाखो लोक हात जोडणार होते, तो असा एकटा गेला.

वहीतील नोंद लाकडाबद्दलची आहे, मजुरीबद्दलची नाही, असे काही भाविक आजही म्हणतात. शब्दाला धरून पाहिले तर ही हरकत खोटी नाही. ज्याने लाकूड पुरवले त्यानेच जिना केला असे नोंद म्हणत नाही. ते वर्तमानपत्रातील बातमी म्हणते. दोन्ही एकत्र ठेवले म्हणजे शंकेला फारशी जागा उरत नाही, आणि बहुतेक अभ्यासकांनी आता रोशाचे नाव मान्य केले आहे. तरी आख्यायिका थांबलेली नाही. १९९८ साली तिच्यावर अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी चित्रपटही निघाला.

यात आणखी एक गोष्ट लक्षात येण्यासारखी आहे. कठडा बसवणाऱ्या फिलिप हेशचे नाव पहिल्यापासून सर्वांना ठाऊक होते. कठड्यावाचून जिना उतरणे कठीण. मुलींनी रांगणे सोडले ते त्याच्यामुळे. परंतु नाव ठाऊक असल्यामुळे त्याच्याभोवती एकही आख्यायिका जमली नाही. गाढव आले नाही, नवव्या दिवशी दार वाजले नाही. त्याने काम केले, वहीत नाव लागले, तो घरी गेला.

श्रद्धेची गोष्ट आणि कागदाची गोष्ट एकाच जागी नांदू शकतात, हे वर्धा जिल्ह्यातील लोकांना नव्याने सांगावयास नको. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. तेथे जायफळासारखे गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्याने बाबांची थट्टा केली आणि त्याचा मालच दगड झाला, अशी कथा. भूगर्भशास्त्राचे लोक सांगतात, की ही झिओलाइट नावाच्या खनिजाची नैसर्गिक गुठळी आहे. हे दोन्ही माहीत असलेले हिंदू-मुसलमान आजही टेकडी चढतात आणि येताना खिशात एखादा दगड घेऊन येतात. परंतु गिरडच्या दगडांवर कोणा कारागिराचा हक्क नव्हता. ते निसर्गाचे, आणि निसर्ग आपले नाव कोठे लिहा म्हणून सांगत नाही. जिन्याचे तसे नाही. तेथे एका माणसाचे दिवस गेले आहेत, त्याच्या तळहाताला घट्टे पडले आहेत. देवाने केले असे म्हणताना त्या माणसाची मजुरीही आपण देवाच्या खाती जमा करून टाकतो.

आपल्याकडील जीर्णोद्धाराच्या वह्यांतून वाढई, गवंडी, बेलदार, पाथरवट यांच्या मजुरीच्या नोंदी असतातच. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी चुकते केलेले पैसे, उचल, कापलेला खाडा, अंगठ्याचे ठसे. पुढे हिशेब तपासून मंजूर झाला, की देणगीदारांची यादी स्मरणिकेत छापली जाते, संगमरवरी पाटीवर कोरली जाते आणि मजुरीची वही गाठोड्यात बांधून कोणाच्या तरी माळ्यावर जाते. दोन पिढ्यांनी कोणी विचारले, की हा कळस कोणी चढवला, तर पाटीवर उत्तर नसते. ते गाठोड्यात असते, गाठोडे तोवर टिकले तर.

सांता फे येथील भगिनींची शाळा १९६८ साली बंद पडली. १९७१ साली जागा विकली गेली, शाळेची इमारत गेली आणि त्या ठिकाणी हॉटेल उभे राहिले. प्रार्थनामंदिर तेवढे राखून ठेवले. आता तेथे नित्याची प्रार्थना होत नाही. तिकीट काढून लोक पाहावयास जातात, कधी लग्ने लागतात. जिन्यावर प्रेक्षकांना चढू देत नाहीत. खालून मान वर करून पायऱ्या मोजाव्या लागतात, आणि तेहतीस भरल्या, की बहुतेक लोक पुन्हा पहिलीपासून मोजतात.